जन्माचा वार, जन्मभराचं नाव

८ एप्रिल १९३८ या दिवशी पश्चिम आफ्रिकेतल्या कुमासी शहरात एका घरी जुळं झालं. देश आजचा घाना, तेव्हाची इंग्रजांची वसाहत गोल्ड कोस्ट. मुलाचं नाव पडलं कोफी अत्ता अन्नान, बहिणीचं एफुआ अत्ता. मुलगा पुढे संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस झाला, त्यामुळे ‘कोफी अन्नान’ हे नाव आपण सगळ्यांनीच वर्तमानपत्रात शेकडो वेळा वाचलं आहे. मीही वाचलं होतं. पण ते नाव वाचता येतं, हे मला फार उशिरा कळलं.

कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला मुलगा. एफुआ म्हणजे शुक्रवारी जन्मलेली मुलगी. अत्ता म्हणजे जुळ्यातलं एक. आणि अन्नान म्हणजे चौथं अपत्य. जुनं कॅलेंडर मागे नेऊन पाहिलं, तर ८ एप्रिल १९३८ ला शुक्रवारच होता. जन्मदाखल्यात जे लिहायचं, त्यातलं निम्मं त्या नावातच लिहून झालं होतं.

ही पद्धत अकान लोकांची. घानाच्या दक्षिण भागात राहणारे अशांती, फांते, अक्येम असे बरेच समाज मिळून अकान होतात आणि त्यांची मुख्य भाषा ट्वी. त्यांच्यात मूल जन्मलं की पहिलं नाव कुणी ठरवत नाही, ते वारच देऊन जातो. रविवारचा मुलगा क्वासी, मुलगी अकोसुआ. सोमवारचा क्वाजो, त्याची जोडीदार अजोआ. मंगळवारी क्वाबेना आणि अबेना, बुधवारी क्वाकू आणि अकुआ, गुरुवारी ‘याव’ आणि ‘या’, शुक्रवारी कोफी आणि अफुआ, शनिवारी क्वामे आणि अमा. मोठ्याने म्हणून पाहा. मुलाचं आणि मुलीचं नाव एकाच मुळातून फुटलेलं कानाला लगेच कळतं. फांते बोलीत काही नावं थोडी वळतात. अन्नान यांच्या बहिणीचं एफुआ हे तसंच वळण.

या नावाला ‘क्राडिन’ म्हणतात. ‘क्रा’ म्हणजे जीव, आत्मा, ‘डिन’ म्हणजे नाव. अकान समजुतीप्रमाणे जीव देवाकडून निघतो आणि ज्या वारी पृथ्वीवर येतो, त्या वाराचा अंश घेऊन येतो. म्हणून हे नाव आई-बापाने ठेवलेलं नसतं, ते जीवाबरोबरच आलेलं असतं. त्याशिवाय बाप आपल्या घराण्यातल्या कुणा भल्या माणसाचं नाव देतो, ते वेगळं. आपल्याकडे पत्रिकेतलं नावरस नाव एक आणि हाक मारायचं नाव दुसरं असतं, तसंच काहीसं. फरक एवढाच की आपलं नावरस नाव बहुतेकदा पत्रिकेतच राहतं आणि अकान माणूस आपलं जीवाचं नाव आयुष्यभर चारचौघांत मिरवतो.

बारसं आठव्या दिवशी. पहिले सात दिवस मूल पाहुणं मानतात. राहायला आलंय की परत जाणार, याची खात्री नसते. जन्माचा दिवस धरून मोजलं तर आठव्या दिवशी तोच वार पुन्हा येतो, मूल एक पूर्ण आठवडा या जगात राहिलेलं असतं. तेव्हा पहाटे घरातली वडीलधारी व्यक्ती त्याच्या जिभेवर पाण्याचा थेंब ठेवते आणि म्हणते, पाणी असेल तर पाणीच म्हण. मग मद्याचा थेंब ठेवते आणि म्हणते, दारू असेल तर दारूच म्हण. आठ दिवसांच्या जीवाला दिलेला हा पहिला उपदेश मला फार आवडतो. खरं बोल, एवढंच त्यात आहे.

चौदा नावांत अख्खा समाज बसवायचा म्हणजे एकाच वर्गात पाच-सहा कोफी येणारच. म्हणून बरोबर दुसरी नावं लागतात, आणि तीही हिशेबीच असतात. तिसऱ्या अपत्याचं नाव मेन्सा, जुळ्यांत थोरला पानिन, धाकटा काक्रा. शिवाय एखाद्या पूर्वजाचं अख्खं नाव मुलाला देतात तेव्हा पूर्वजाचा वारही त्याबरोबर येतो. त्यामुळे घानातला प्रत्येक कोफी शुक्रवारचाच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

वार फक्त माणसांनाच मिळतो असंही नाही. सर्वोच्च देव न्यांकोपोन, तो शनिवारचा, म्हणून ‘क्वामे’. धरणीमाता ‘आसासे या’, गुरुवारची. तिच्या वारी अशांती शेतकरी जमिनीला कुदळ लावत नाही. किनाऱ्यावरचे कोळी मंगळवारी होडी समुद्रात घालत नाहीत, कारण तो समुद्राचा दिवस. लोककथांमधला जाळं विणणारा लबाड कोळीकिडा अनान्से, तो बुधवारचा, म्हणून क्वाकू अनान्से. आणि अशांती राज्याचं सर्वांत पवित्र चिन्ह म्हणजे सोन्याचं आसन. राजा ओसेई टूटूच्या काळात ओकोम्फो अनोक्ये या पुरोहिताने ते आकाशातून उतरवलं अशी श्रद्धा आहे. ते उतरलं शुक्रवारी, म्हणून त्याचं नाव ‘सिका द्वा कोफी’, म्हणजे शुक्रवारचं सोन्याचं आसन. १९०० साली इंग्रज गव्हर्नरने ते आसन मागितलं तेव्हा त्याच्यासाठी लढायला उभी राहिली ती ‘या असान्तेवा’. गुरुवारी जन्मलेली एक राजमाता शुक्रवारी जन्मलेल्या आसनासाठी लढली!

आता मला ज्या गोष्टीमुळे हा विषय सोडवेना, तिच्याकडे येतो.

घानाचे पहिले पंतप्रधान आणि नंतर राष्ट्राध्यक्ष झालेले क्वामे न्क्रुमा. अमेरिकेत शिकताना ते फ्रान्सिस न्क्रुमा होते, १९४५ च्या सुमारास त्यांनी फ्रान्सिस बाजूला ठेवून क्वामे हे नाव लावलं. क्वामे म्हणजे शनिवारचा. त्यांची अधिकृत जन्मतारीख २१ सप्टेंबर १९०९, आणि घानात आजही तो दिवस त्यांच्या नावाने पाळतात. पण २१ सप्टेंबर १९०९ ला वार होता मंगळवार.

मग चूक कुणाची? न्क्रुमांनी हा हिशेब स्वतःच मांडून ठेवला आहे. ती तारीख त्यांचा बाप्तिस्मा करणाऱ्या पाद्र्याने अंदाजाने लिहिली होती. गावात जन्मनोंदीची वहीच नव्हती. आईला साल नक्की सांगता येत नव्हतं, तारीख तर नाहीच. पण सप्टेंबरचा मध्य, भरदुपार आणि शनिवार, एवढं पक्कं होतं. मग त्यांना आठवलं ते एक जहाज. ‘बकाना’ नावाचं मालवाहू जहाज १९१३ साली किनाऱ्यापाशी फुटलं, ते त्यांच्या अगदी लहानपणच्या आठवणीत होतं. म्हणजे तेव्हा आपण तीन-चार वर्षांचे असणार, असं त्यांनी धरलं. म्हणजे साल १९०९ जुळतं. मग सप्टेंबरच्या मध्याजवळचा शनिवार कोणता? १८ सप्टेंबर. कागद तीन दिवसांनी चुकला होता, वार मात्र ठाम होता.

वाराच्या नावाची ताकद नेमकी इथे आहे. साल विसरतं, कारण साल मोजायला कुणीतरी लिहिणारा लागतो. तारीख विसरते, कारण तिला छापील कॅलेंडर लागतं. पण वार सगळ्यांना एकाच वेळी ठाऊक असतो. तो बाजाराचा असतो, उपासाचा असतो, होडी न घालण्याचा असतो. अक्षरओळख नसलेल्या आईलाही तो चुकत नाही. आणि तो नावातच ठेवला, की रोज हाक मारता मारता नोंद ताजी राहते.

ही नोंद किती चिवट असते, ते अटलांटिकच्या पलीकडे दिसतं. सतराव्या-अठराव्या शतकात गोल्ड कोस्टवरून हजारो अकान माणसं साखळदंडात जमैका, सुरिनाम, गयाना इकडे नेली गेली. मळ्यांवर मालकांनी त्यांना सीझर, प्राइम, जॉन अशी वाटेल ती नावं दिली. तरीही मळ्यांच्या हजेरीपटात पुन्हा पुन्हा दिसतात ती नावं कुजो, कफी, क्वाको, क्वाशी, फिबा, अबा, जुबा अशी. क्वाजोचा कुजो झाला, कोफीचा कफी, क्वाकूचा क्वाको, अफुआची फिबा. भाषा गेली, गाव गेलं, कुळ गेलं. वार राहिला, कारण आठवडा मालकालाही मोजावाच लागत होता. पुढे तीही नावं इंग्रजीत मिसळत गेली. फिबाची फीबी झाली, कुजोचा जो, क्वाकोचा जॅक, अबाची अॅबी. अमेरिकेच्या जुन्या कागदांत एखादी कृष्णवर्णीय फीबी भेटली, तर तिच्या पणजीचा शुक्रवार त्या नावात दडलेला असू शकतो.

बंडांच्या इतिहासात तर वारच वार भेटतात. जमैकाच्या डोंगरात पळून जाऊन राहिलेल्या गुलामांना ‘मरून’ म्हणत. त्यांचा पुढारी कुजो, म्हणजे सोमवारचा. त्याने इंग्रजांना इतकं जेरीस आणलं की १७३९ मध्ये त्यांना त्याच्याशी तह करावा लागला. २३ फेब्रुवारी १७६३ ला बर्बिसमध्ये, म्हणजे आजच्या गयानात, गुलामांनी मोठा उठाव केला. त्याचा नेता कफी, शुक्रवारचा. गयाना १९७० साली प्रजासत्ताक झालं ते मुद्दाम त्याच तारखेला, २३ फेब्रुवारीला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १७५९ साली जन्मलेला पॉल कफी हा जहाजांचा मालक. त्याचा बाप कोफी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला, आणि मालकाचं आडनाव स्लोकम त्याला चिकटलेलं. मुलांनी मालकाचं आडनाव टाकलं आणि बापाचा शुक्रवार आडनाव म्हणून घेतला. असं आडनाव लावायला किती हिंमत लागली असेल!

आणखी एक खूण होमिओपॅथीच्या दुकानात मिळते. ‘क्वाशिया’ नावाचं औषध असतं, एका कडूजहर झाडाचं. सुरिनाममध्ये क्वासी नावाचा एक गुलाम वैद्य होता, तो या झाडाच्या काढ्याने ताप उतरवायचा. झाडाचा नमुना स्वीडनमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसकडे पोहोचला, आणि त्याने झाडाला नाव दिलं क्वाशिया. वनस्पतिशास्त्राच्या लॅटिनमध्ये एक आफ्रिकी रविवार असा कायमचा जाऊन बसला. क्वासी स्वतः पळालेल्या गुलामांविरुद्ध गोऱ्यांच्या बाजूने गेला, आणि तिथले सारामाका ‘मरून’ लोक त्याला आजही फितूर मानतात. हेही सांगायलाच हवं.

वारावरून स्वभाव ठरतो का? अकान लोकांत तशी समजूत आहे. सोमवारचा क्वाजो शांत, बुधवारचा क्वाकू तापट, शुक्रवारचा कोफी भटक्या वृत्तीचा. १९५४ साली गुस्ताव याहोडा या मानसशास्त्रज्ञाने अशांती भागातल्या बालगुन्हेगारांच्या न्यायालयीन नोंदी पाहिल्या. सोमवारची मुलं अपेक्षेपेक्षा कमी सापडली, आणि मारामारीच्या गुन्ह्यांत बुधवारची मुलं जास्त. याचा अर्थ ग्रहाचा प्रभाव असा काढायचं कारण नाही. ज्या मुलाला पाळण्यापासून ‘क्वाकू आहे, भांडणारच’ असं ऐकवलं जातं आणि ज्याची साधी खोडीसुद्धा त्याच नजरेने पाहिली जाते, ते मूल कुठे पोहोचेल याचा विचार करा. आपल्याकडे ‘मंगळ आहे’ म्हणून मुलींचं काय काय होतं, हे आपण पाहतोच. नाव जेव्हा नोंद असतं, तेव्हा मला ते प्रिय आहे. ते निकाल व्हायला लागलं, की मी त्याच्या विरुद्ध आहे.

आता थोडं पूर्वेला, म्यानमारमध्ये. तिथे वाराचं नाव ठेवत नाहीत, तर वाराचं अक्षर असतं. हे मराठी माणसाला समजवायला सगळ्यांत सोपं, कारण आपण पाटीवर गिरवलेली वर्णमालाच तिथे वारांना वाटून दिली आहे. सोमवारी जन्मलेल्याचं नाव क-वर्गातल्या अक्षराने, मंगळवारी च-वर्गाने, गुरुवारी प-वर्गाने, शनिवारी त-वर्गाने. रविवारला स्वर. शुक्रवारला स आणि ह. बुधवारचे दोन भाग आहेत. सकाळी ल आणि व, दुपारनंतर य आणि र. हा दुसरा भाग राहूचा. असे आठवड्याचे आठ वार झाले. यांगोनच्या श्वेडगॉन पॅगोड्याभोवती या आठ वारांची आठ ठिकाणं आहेत. प्रत्येकाचा प्राणी ठरलेला, सोमवारचा वाघ, गुरुवारचा उंदीर, सकाळच्या बुधवारचा सुळेवाला हत्ती. माणसं आपापल्या वारापाशी जाऊन मूर्तीवर पाणी घालतात. आपल्या ‘चू चे चो ला, अश्विनी’ची ही चुलत बहीण. आपण अक्षर नक्षत्राच्या चरणावरून काढतो, ते वारावरून.

पडताळून पाहू. आंग सान सू ची यांचा जन्म १९ जून १९४५ चा, मंगळवार. त्यांच्या नावातला ‘सू’ आजीकडून आला, आणि मंगळवारचं अक्षर तेच. उच्चार ‘स’ असला तरी बर्मी लिपीत ते अक्षर वर्णमालेतल्या ‘च’च्या जागचं आहे. त्यांचे वडील आंग सान १३ फेब्रुवारी १९१५ चे, शनिवारचे. पण ‘आंग’ स्वराने सुरू होतं, म्हणजे रविवारचं! उत्तर असं, की आंग सान हे नाव त्यांनी नंतर घेतलं. जन्माचं नाव होतं ठेईन लिन. ‘ठ’सारखा ऐकू येणारा तो त-वर्गातला महाप्राण, शनिवारचा. आणि अन्नान यांच्या आधी संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस होऊन गेलेले ऊ थांट. ‘ऊ’ हा नुसता आदराचा शब्द, नाव एकच, थांट. त्यातलं ‘थ’ मुळात आपला ‘स’, बर्मी तोंडात बदललेला. स म्हणजे शुक्रवार. २२ जानेवारी १९०९ ला शुक्रवारच होता. एकाच खुर्चीवर बसलेले दोन शुक्रवार, एक आफ्रिकेतला, एक आशियातला. हे मला सापडलं त्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाला मी ते सांगून झालो होतो.

बाकी जगात अशी नावं विखुरलेली आहेत. पश्चिम आफ्रिकेतल्या हौसा लोकांत दान्जुमा म्हणजे शुक्रवारचा मुलगा, लादी म्हणजे रविवारची मुलगी. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जुमा आणि हमीसी. ग्रीसमध्ये किरियाकी रविवारची आणि पारास्केवी शुक्रवारची, पण तिथे संतांच्या नावांमुळे ती कुठल्याही वारी ठेवतात. आठवडा सातच दिवसांचा हवा, असंही नाही. नायजेरियातल्या इग्बो लोकांचा बाजाराचा आठवडा चारच दिवसांचा, एके, ओरिये, आफोर, न्क्वो. त्यावरून ओकेके, ओकोरिये, ओकाफोर, ओकोन्क्वो. जावा बेटावर बाजाराचा आठवडा पाच दिवसांचा. त्यातल्या वागे दिवसावरून वागिमान, पोन दिवसावरून पोनिमान.

आणि आपल्याकडे? वाराची नावं आपल्या अगदी शेजारी आहेत, फक्त शहरातल्या पाळण्यांपासून दूर. रायगड, ठाणे, पालघरच्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवर सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या भेटतात. सोमी, बुधी, शुक्री भेटतात. पूर्वेला बस्तरकडे गेलात की मंगलू, बुधराम, सुकारो. झारखंडात एतवा, सोमरा, बुधनी, शनिचरिया. शाळेत घालताना ही नावं मास्तर किंवा कारकून बदलून टाकतात. बुध्याचा बुद्धराज होतो, सोमीची सोनाली. बदलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण जन्माची तेवढी एकच पक्की नोंद त्या फटक्यात पुसली जाते, हे त्याच्या लक्षात येत नाही, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

बिरसा मुंडांचं नाव याच रिवाजातलं. बृहस्पतिवारी, म्हणजे गुरुवारी जन्म, म्हणून बिरसा, असं सांगितलं जातं. त्यांची मान्य जन्मतारीख १५ नोव्हेंबर १८७५. झारखंड राज्य २००० साली त्याच तारखेला झालं, आणि २०२१ पासून तो दिवस देशभर जनजातीय गौरव दिवस म्हणून साजरा होतो. त्या तारखेचा वार काढला, तर सोमवार येतो. काही ठिकाणी त्यांची तारीख १८ जुलै १८७२ अशी दिलेली आहे. तो वार काढला, तर गुरुवार येतो. एवढ्यावरून तारीख बदला असं मी म्हणणार नाही. पण उलिहातू या त्यांच्या जन्मगावच्या त्या घरात त्या दिवशी गुरुवार होता, याबाबत मी कागदापेक्षा नावावर जास्त विश्वास ठेवीन.

महाराष्ट्रात एका पिढीचा वाढदिवस १ जूनला असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. शाळेत नाव घालताना तारीख विचारली, घरच्यांना सांगता आली नाही, मास्तरांनी १ जून लिहून टाकली. पेन्शनच्या, आधारच्या, रेशनच्या कागदांवर तीच तारीख चालत राहिली. पुढच्या वेळी वाडीवर एखाद्या बुधीआजीचा फॉर्म भरायला बसलात, तर तारीख विचारून गप्प बसू नका. बुधवार तिने नावातच दिलेला आहे. मग विचारा, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू पाळण्यात होतीस की चालत होतीस? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली होतीस का? भात लावणीचे दिवस होते की कापणीचे? न्क्रुमांनी एका फुटलेल्या जहाजावरून असंच काढलं होतं.